चर्चगेटची लोर्ना

एव्हरशाईन सिटीच्या मुख्य रस्त्यावर उभे राहा आणि एकेक इमारत काढायला घ्या. आधी नव्या टॉवरांचे वरचे मजले, मग मोबाइलची दुकानं, क्लासेसच्या पाट्या, शेअर रिक्षांची रांग. 2014 मागे पडलं की पालघर जिल्हा जातो आणि तुम्ही पुन्हा ठाणे जिल्ह्यात येता. 2009 ओलांडलं की महानगरपालिका जाते. नव्वदचं दशक सरतं तशी ही सगळी वसाहतच विरघळते आणि पायाखाली डांबराऐवजी बांध येतो. एका बाजूला भातखाचरं, त्यापलीकडे मिठागरं, अचोळ्याच्या दिशेला घरांचा एक पुंजका. वारा खारट आहे. साठचं दशक संपत आलंय.

निघायचं इथूनच, कारण ज्या गायिकेला भेटायला आपण चाललोय तिची गाणी पुढे इथेच येऊन राहणार आहेत. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव इथल्या भाड्याच्या खोल्यांतून कितीतरी गोवेकर ख्रिस्ती कुटुंबं नंतर वसई-विरारच्या फ्लॅटांत आली. वसईचे मूळ ख्रिस्ती घरात मराठीच्या सामवेदीसारख्या बोली बोलतात, हे नवे शेजारी कोंकणी. लग्नाच्या हॉलवर दोघं एकत्र आले की बँडवाल्याला ठाऊक असतं, लोर्नाचं गाणं लागलं की खुर्च्या रिकाम्या होणार. लोर्ना कोर्देरो. गोव्याची गानकोकिळा असा तिचा लौकिक, पण तिचा आवाज तयार झाला तो मुंबईत, चर्चगेट स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर.

तेव्हा बांध तुडवत स्टेशन गाठा. इंग्रजी पाटीवर अजून बसीन आहे. विजेची लोकल इथवर 1936 सालापासून येते, पण गाड्या मोजक्याच, एक चुकली की बसून राहावं लागतं. डब्यात केळीचे घड, पानांच्या करंड्या, भाजीची ओझी आणि लाल लुगड्यातल्या वसईच्या बायका. नायगाव सोडलं की खाडीचा पहिला पूल, मध्ये पाणजू बेट, मग दुसरा पूल. भाईंदरच्या मिठाचे ढिगारे उन्हात चमकतात. पुढे बोरिवली, अंधेरी, दादर. शेवटी चर्चगेटला उतरता तेव्हा संध्याकाळ झालेली असते आणि समोर इरॉस थिएटरच्या पाट्या उजळलेल्या असतात.

हा भाग आता नीट पाहून घ्या, कारण दहा वर्षांत यातलं बरंच काही राहणार नाही. चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, 1956 मध्ये निघालेलं गेलॉर्ड आहे, बॉम्बेलीज आहे, अ‍ॅम्बॅसेडर आहे आणि जवळच अ‍ॅस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस. यांतल्या कित्येक ठिकाणी रोज रात्री जिवंत बँड वाजतो. वादक बहुतेक सगळे गोव्याचे. गावच्या चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेली ही माणसं. दिवसा ताडदेव, महालक्ष्मी, दादरच्या स्टुडिओंत हिंदी सिनेमाच्या गाण्यांना वाजवतात आणि रात्री इथे कोट चढवून जॅझ. हिंदी सिनेमाचा तो भरगच्च वाद्यवृंद, ज्याच्यावर आपल्या तीन पिढ्या वाढल्या, तो सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशा माणसांनी उभा केला. पडद्यावर संगीतकाराचं नाव येई. यांची नावं आपण फार उशिरा घ्यायला लागलो आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्हेनिसमध्ये शिरा. 1949 चा दारूबंदीचा कायदा लागू आहे, परमिट असेल त्यालाच पेला मिळेल. बाकीचे कोल्ड कॉफी घेऊन बसलेत. धूर आहे, मंद दिवे आहेत, नाचायला जेमतेम जागा. बँडच्या पुढे जो उंच मानेनं उभा आहे तो ख्रिस पेरी. 1928 चा जन्म, मडगावच्या बोर्डा भागातला, मूळ नाव पेरैरा. ट्रम्पेटही वाजवतो, सॅक्सोफोनही, आणि एका सुराची चूक त्याला खपत नाही. वादक त्याच्याकडे बघत बसतात ते उगीच नाही.

आणि मग ती येते. जन्म 1946 चा, म्हणजे आत्ता विशी नुकतीच ओलांडलेली. पहिली काही गाणी इंग्रजी. ऐकताना एक गोष्ट टिपा. ती तालाच्या जरा मागे राहते. शब्द उशिरा उचलते आणि तुम्हाला वाटतं आता हुकली, तेवढ्यात दोन मात्रांत सगळं अंतर कापून समेवर ट्रम्पेटच्या बरोबर येऊन ठेपते. आवाज बारीक नाही, गोड करून घेतलेला नाही. छातीतून येतो, खालच्या पट्टीत त्याला किंचित खर आहे आणि वर चढताना तो हसू शकतो, ओरडू शकतो, कुणाला तरी दटावू शकतो. आपल्याकडे त्या काळी बाईच्या गाण्याचा जो एक नितळ, उंच स्वर मानदंड झाला होता त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला हा आवाज उभा आहे. त्या मोठ्या परंपरेवर माझं प्रेम आहे. तरीही त्याच शहरात, त्याच वर्षांत, एक मुलगी इतक्या वेगळ्या गळ्यानं गात होती आणि ते आपल्या कानांपर्यंत पोचलं नाही, हे मला मराठी रसिकांचं नुकसान वाटतं.

ख्रिस पेरीनं ओळखलं ते हे की या गळ्याला कोंकणीत गायला लावलं पाहिजे. मांडो आणि दुल्पोद हे गोव्याचे गीतप्रकार त्याच्या रक्तात होते, स्विंग आणि चा-चा-चा त्याच्या हातात. दोन्ही एकत्र आणून त्यानं नव्या चाली बांधल्या. कोंकणीतली गाणी तोवर प्रामुख्यानं तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, रंगमंचावरून येत. पहिलं तियात्र झालं तेही 1892 मध्ये मुंबईतच. पेरीनं ती भाषा नाइटक्लबच्या बँडपुढे आणून उभी केली.

बँड थांबल्यावर बाहेर पडा, मेट्रो थिएटरच्या दिशेनं चालत धोबी तलाव गाठा. जेर महालच्या इमारतीत गोव्यातल्या गावोगावचे कूड आहेत. एकेका गावाचा एकेक कूड, भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, मध्ये रांगेनं पथाऱ्या, कोपऱ्यात देव्हारा आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची रोझरी. इथे बोटीवर काम मिळायची वाट पाहणारे खलाशी राहतात, स्वयंपाकी राहतात, वादक राहतात. त्यांतल्या कितीकांना व्हेनिसच्या दारातून आत जाणं परवडणारं नाही. लोर्नाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायला तबकडी यावी लागणार आहे.

ती येते 1971 मध्ये. काटा त्या वर्षावर आणा आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत एका कोपऱ्यात उभे राहा. अगदी स्तब्ध, कारण इथे खुर्ची करकरली तरी ती कायमची छापली जाईल. ट्रम्पेटं माइकपासून लांब, कारण ती सगळ्यांना झाकतात. ड्रम त्याहून मागे. गायिका पुढे. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, एकदम थांबायचं. पाचवं कडवं बिघडलं तर पहिल्यापासून. आज गायकाचा एकेक शब्द वेगळा घेऊन नंतर सांधता येतो. त्या दिवशी जे घडलं तेच तबकडीवर गेलं, म्हणून ते ध्वनिमुद्रण आजही ऐकलं की खोलीत दहाबारा माणसं घाम गाळत उभी असल्याची जाणीव होते. 'बेबदो' म्हणजे दारुडा. एक बाई दारुड्यावर गाते, आणि ख्रिस पेरीचे ब्रास तिच्या प्रत्येक ओळीला उत्तर देतात. 'पिसो' त्याच सुमाराचं. आणि 'नाचूं-या कुंपासार', 'लिस्बोआ', 'रेड रोझ', 'सोर्गा राजांत' ही तिच्या नावाशी कायमची जोडली गेलेली गाणी.

तबकड्या एचएमव्हीच्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापून होतात आणि सात इंचांच्या गोलात, पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगानं फिरत, गोव्यात उतरतात. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता जाऊन तेव्हा दहा वर्षं झालीत. 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात जायचं नाही हे ठरून चार. कोंकणी ही भाषा आहे की बोली, हा वाद तापलेला आहे. त्या वादात लोर्नानं कधी भाग घेतल्याचं मला आठवत नाही. पण भाषा जिवंत असल्याचा पुरावा सभेपेक्षा नाचाच्या मांडवात जास्त लवकर मिळतो. म्हापशाच्या बाजारातल्या रेस्टॉरंटात बसा, सालसेटमधल्या एखाद्या फेस्ताला जा, पणजीची आकाशवाणी लावा. ती आहेच.

आणि दोन-तीन वर्षांत ती नाही.

या पुढच्या वीस वर्षांतून घाईनं जाऊ नका, कारण तिच्या आयुष्याचा अर्थ माझ्या मते इथे आहे. सत्तरच्या दशकात तिचं गाणं थांबलं. बँड संपला, पेरी आणि ती वेगळे झाले. पेरीवाचून दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही असा करार तिच्याकडून लिहून घेतला होता, ही गोष्ट गोव्यात आणि मुंबईच्या गोवेकरांत इतकी वर्षं सांगितली जाते की ती तिच्या गाण्यांइतकीच पाठ झालीय. पेरी पुढे दुबईला गेला, तिथे संगीत शिकवलं. ती मुंबईतच राहिली, गाण्यावाचून.

चर्चगेटवर एक फेरी मारा. हॉटेलांतल्या बँडवरचा करमणूक कर जड झालाय. डिस्कोच्या तबकड्या आल्यात, त्यांना पगार द्यावा लागत नाही. एकेका ठिकाणचा मंच मोडून तिथे टेबलं टाकली जातायत. वादक पूर्णवेळ सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेले, काही आखातात, काही बोटींवर. म्हणजे करार नसता तरी वाट सोपी नव्हती. पण वाट अवघड असणं वेगळं आणि दार बंद असणं वेगळं. पंचविशीपासून पंचेचाळिशीपर्यंतचा काळ गायकाच्या गळ्याचा सगळ्यात पिकलेला काळ. तोच गेला.

या जागी आपण थोडा वेळ समुद्र ओलांडू. ग्रीसला, अथेन्सला, 1959 मध्ये.

तिथे स्टुडिओत स्टेलियोस कझान्झीदिस उभा आहे. आशिया मायनरकडून आलेल्या निर्वासित कुटुंबातला, 1931 चा जन्म, निया इयोनियाच्या गरीब वस्तीत वाढलेला. शेजारी त्याची सहगायिका मारिनेला. जे गाणं ते म्हणतायत त्याचं नाव 'मान्दुबाला' आणि ते नाव आलंय आपल्या मधुबालेवरून. चाल ऐकली की तुम्ही दचकाल. ती 'आवारा'मधली आहे, शंकर-जयकिशन यांची, लताबाईंच्या गाण्याची. पन्नाससाठच्या दशकांत ग्रीसच्या थिएटरांतून हिंदी सिनेमे रांगेनं लागत होते. 'मदर इंडिया'ला तिथल्या बायका रडत होत्या आणि मुंबईच्या चालींवर ग्रीक शब्द चढवून गाणी निघत होती. म्हणजे धोबी तलावचा एखादा वादक दिवसा ज्या तालमीला बसला तिचा सूर पिरेयसच्या बंदरातल्या खानावळीत वाजत होता, आणि त्याला याची खबर नव्हती.

कझान्झीदिसची गाणी परदेशी राबणाऱ्यांची. जर्मनीच्या कारखान्यांत गेलेले ग्रीक मजूर ती ऐकत रडले. लोर्नाची गाणी बोटीवरच्या आणि आखातातल्या गोवेकरांनी तशीच जपली. पण मी तुम्हाला इथे आणलं ते याहून जवळच्या साम्यासाठी. कझान्झीदिसनं 1965 च्या सुमारास मंचावर गाणं सोडलं. 1975 मध्ये 'इपार्हो' नावाची तबकडी आली, म्हणजे 'मी आहे', आणि त्यानंतर रेकॉर्ड कंपनीशी करारावरून झालेल्या भांडणात तो ध्वनिमुद्रणातूनही बाहेर पडला. 1987 पर्यंत त्याची नवी तबकडी नाही. ग्रीसमधला सगळ्यात लाडका आवाज बारा वर्षं गप्प होता आणि त्याच वर्षांत मुंबईत एक बाई गप्प होती. दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचं कारण नाही.

फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की कझान्झीदिस मोठं नाव होता, पुरुष होता, कंपनीशी जाहीर भांडू शकत होता. वर्तमानपत्रं त्याची बाजू छापत होती. परतला तेव्हा तबकडीचं नावच परतीच्या वाटेचं होतं. 2001 मध्ये तो गेला तेव्हा देश हळहळला. लोर्नाच्या बाजूनं कुणी अग्रलेख लिहिला नाही. तिच्यापाशी होते ते फक्त गाणं पाठ असलेले लोक.

आणि त्यांना मात्र काही विसरायला लावता आलं नाही. ऐंशीच्या दशकातली कुठलीही नाताळची रात्र निवडा. माझगावच्या चाळीत, वांद्र्याच्या चिंबईत, कुवेतच्या एखाद्या खोलीत, वसईच्या एखाद्या लग्नात. कॅसेटवर कॅसेट उतरवून घेतलेली, मूळ तबकडीच्या खरखरीसकट. जी मुलं त्यावर नाचतायत त्यांनी तिला कधी पाहिलेलं नाही. काहींना वाटतं ती हयात नाही. ती मुंबईतच आहे, बहुधा लोकलच्याच अंतरावर, आणि खिडकीतून कुणाच्या तरी घरून तिचाच आवाज तिला ऐकू येत असेल. या कल्पनेपाशी मी फार वेळ थांबू शकत नाही.

तिला पुन्हा उभं केलं ते रॉनी मोन्सेरातनं. ट्रम्पेटवादक पीटर मोन्सेरात यांचा हा मुलगा, स्वतः कीबोर्डवादक, भाऊही सिनेसंगीतातले वादक. म्हणजे चर्चगेटच्या त्या जगाचा पोटचा पोरगा. ज्यांनी व्हेनिस पाहिलं त्यांच्या घरात वाढला आणि नव्वदच्या दशकातल्या स्टुडिओत कामाला होता. त्यानं तिला गायला राजी केलं. वीस वर्षांनी गळा कसा लागतो हे ज्यांनी गाणं मध्येच सोडलंय त्यांना विचारा. दम पुरत नाही, वरचा सूर आठवणीत असतो पण कंठात नसतो, आणि सगळ्यात अवघड म्हणजे माइकपुढे उभं राहण्याची सवय मोडलेली असते. तरी अल्बम निघाला. नाव साधं, 'हॅलो लोर्ना'.

पुढचंही सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला मग एकाच जागी निवांत थांबता येईल. ख्रिस पेरी 2002 च्या जानेवारीत गेला. त्या दोघांच्या गोष्टीवरून बार्द्रॉय बार्रेत्तोनं 'नाचूं-या कुंपासार' हा कोंकणी सिनेमा केला. त्यात दोना आणि लॉरी अशी नावं दिलेली पात्रं आहेत, दोनाचं काम पालोमी घोषनं आणि लॉरीचं विजय मौर्यनं केलं. जुनी गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित होऊन पुन्हा लोकांपुढे आली. 62 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोंकणी सिनेमा ठरला, घोषच्या कामाचाही खास उल्लेख झाला. मोठ्या वितरकांवाचून, गावोगावच्या सभागृहांतून तो चालला आणि माणसं नातवंडांना घेऊन पाहायला गेली. ज्या बँडमधल्या वादकांची नावं तबकडीवर छापली गेली नव्हती त्यांची आठवण त्यामुळे पुन्हा निघाली. हे काम मोठं आहे आणि मराठीत आपल्या अशा विसरलेल्या गायकांवर असं काही व्हावं ही माझी जुनी इच्छा.

आता काटा शेवटचा फिरवा. 1995 चा डिसेंबर, पणजी, मिरामार.

लवकर या, कारण गर्दी तुमच्या अंदाजाबाहेर आहे. म्हापसा, मडगाव, वास्को, कुडचडे, कुठून कुठून बसगाड्या आल्यात. पन्नाशीतली जोडपी आहेत, त्यांच्या लग्नात 'बेबदो' वाजलं होतं. पंचविशीचे आहेत, त्यांनी ते फक्त आईबापांच्या कॅसेटवर ऐकलंय. आखातातून नाताळच्या सुट्टीवर आलेले आहेत. मांडवी इथेच समुद्राला मिळते, वारा जोरात आहे आणि ध्वनिक्षेपकांची चाचणी चाललीय. सगळ्यांच्या मनात एकच शंका, कुणी उघड बोलत नाही: उरलाय का तो आवाज?

ती येते. पन्नाशीला टेकलेली बाई, माइक हातात घेते. टाळ्या इतक्या की पहिल्या दोन ओळी कुणाला ऐकूच येत नाहीत. तिसरीपासून ऐका. वरचे सूर थोडे जाड झालेत, खर्ज मात्र आणखी खोल गेलाय, आणि ती अजूनही तालाच्या मागे राहते. अजूनही शब्द उशिरा उचलते. अजूनही तुम्हाला वाटतं हुकली. मग ती येऊन पोचते, ब्रास उसळतात आणि तुमच्या शेजारचे आजोबा काठी बायकोच्या हातात देऊन तिचा दुसरा हात धरतात.

पुढे सरका, मंचाजवळ जा. परतायची गाडी सकाळी आहे, तोवर बरीच गाणी व्हायचीत, आणि लोक आत्ताच 'बेबदो' पुन्हा मागतायत.